किती सुरक्षित म्हणजे सुरक्षित?

मंडळी, आणेवारी हा शब्द तुम्हांला काही नवा नाही. पुढे आणे गेले, पैसे आले, तेव्हा तिची पैसेवारी झाली एवढेच. गावच्या शिवारातले काही तुकडे निवडायचे, तिथले पीक कापून मोजायचे, चांगल्या वर्षाच्या मानाने ते किती भरले ते पाहायचे, आणि पन्नास पैशांच्या आत आले की टंचाई समजायची, ही पद्धत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालली. दुष्काळ ठरविण्याच्या कसोट्या अलीकडे बदलल्या आहेत. पण पन्नासच का, अठ्ठेचाळीस किंवा पंचावन्न का नको, असा प्रश्न शेतकऱ्याने कधी ना कधी मनात विचारलेलाच असतो. शिवाय तुकडे कोणी निवडले, ते विहिरीखालचे होते की कोरडवाहू, हेही तो विचारतो. आणि त्याचे ते विचारणे अगदी रास्त असते.

नेमके हेच प्रश्न मी आज विमानांच्या बाबतीत विचारणार आहे. तुम्ही म्हणाल, आम्हांला एस.टी. वेळेवर मिळाली तरी पुष्कळ, विमानाशी आमचा संबंध काय? पण आता गावागावांतली मुले विमानाने आखातात जातात, आणि ज्या विमानाची हकीकत पुढे येणार आहे ते दुबईहूनच येत होते. तेव्हा संबंध आहे. प्रश्न असा: कोणतेही विमान कधीही पडणार नाही अशी हमी जगातले कोणतेही सरकार देऊ शकत नाही. मग किती धोका चालेल, हे कोणीतरी ठरवितेच. ते कोण ठरविते, आणि ठरविल्यावर मोजते कसे? सरकारी भाषेत त्याला सुरक्षिततेची स्वीकारार्ह पातळी म्हणतात. ह्या शब्दाला फार मोठा इतिहास नाही. पण त्यामागची कल्पना कशी कशी घडत गेली, ते पाहण्याजोगे आहे.

आपल्या देशातल्या नियमित टपाल विमानसेवेची सुरुवात १५ ऑक्टोबर १९३२ रोजी झाली. जे. आर. डी. टाटा ह्यांनी कराचीहून लहानसे पस मॉथ विमान उडविले, आणि अहमदाबादमार्गे ते मुंबईच्या जुहूला उतरविले. जुहूचा तळ म्हणजे समुद्राकाठचे चिखलमैदान. पावसाळ्यात ते पाण्याखाली जाई, म्हणून त्या दिवसांत मुक्काम पुण्याला हलवावा लागे. विमानात रेडिओ नाही, वाटेवर दिशा दाखविणारे यंत्र नाही. अशा स्थितीत ह्या सेवेने १९३३ साली सुमारे १ लक्ष ६० हजार मैलांचा प्रवास केला, आणि त्या वेळच्या नागरी विमान खात्याने आपल्या अहवालात तिची वाखाणणी केली. कशाबद्दल? तर शंभर टक्के वक्तशीरपणाबद्दल.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे क्षणभर थांबावे असे मला वाटते. त्या काळी मोजले जात होते ते वेळापत्रक. सुरक्षितता मोजण्याची गोष्ट आहे, हेच अजून कोणाच्या ध्यानी आलेले नव्हते. ती वैमानिकाच्या अंगच्या गुणावर आणि दैवावर सोडलेली होती. १९३४ चा विमान कायदा आणि त्याखालचे १९३७ चे नियम झाले, ते मुख्यतः परवान्याचे: वैमानिकाला परवाना आहे का, विमानाला उड्डाणयोग्यतेचा दाखला आहे का? आहे, तर ठीक; नाही, तर उडू नका. हो किंवा नाही, एवढीच उत्तरे.

दुसरे महायुद्ध संपत आले तेव्हा विमाने हजारोंनी झाली होती आणि ती उद्या साऱ्या देशांच्या सरहद्दी ओलांडणार हे उघड दिसत होते. म्हणून १९४४ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या शिकागो शहरी परिषद भरली. हिंदुस्थानच्या वतीने सर गिरिजाशंकर बाजपेयी तेथे गेले होते. ७ डिसेंबर १९४४ रोजी ५२ राष्ट्रांनी करारावर सह्या केल्या, आणि त्यातूनच आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना जन्माला आली. आपण करारास मान्यता दिली ती १ मार्च १९४७ रोजी, म्हणजे स्वातंत्र्याच्या आधी साडेपाच महिने. आता ह्या संघटनेचे १९३ सभासद आहेत. कराराची खुबी अशी की नियम सर्वांनी मिळून करायचे, पण पाळायचे प्रत्येक राष्ट्राने आपापल्या कायद्याने. आणि एखादा नियम पाळता येत नसेल तर तसे उघड कळवायचे. त्या नियमांवर देखरेख मात्र कोणी करायची? तर ज्याची त्याने. ही फट पुढे फार महाग पडली. ते पुढे येईल.

आधी ‘हो किंवा नाही’ ह्या पद्धतीचे काय झाले ते बघा. २ मे १९५२ रोजी इंग्लंडच्या कॉमेट विमानाने जगातली पहिली जेट प्रवासी सेवा सुरू झाली. बरोबर एक वर्षाने, २ मे १९५३ रोजी, एक कॉमेट कलकत्त्याच्या डमडम तळावरून दिल्लीला निघाले, थोड्याच वेळात वादळात सापडले आणि हुगळी जिल्ह्यात तुकडे होऊन पडले. ४३ माणसे गेली. आपल्या सरकारने चौकशी केली. वादळाचे झोत तरी अनावर झाले असतील, नाही तर त्या वादळात विमान सावरताना ते जास्त ताणले गेले असेल, आणि सांगाडा मोडला, असा निष्कर्ष निघाला. विमाने उडत राहिली. १० जानेवारी १९५४ रोजी इटलीजवळ एल्बा बेटाशी दुसरे कॉमेट पडले, ८ एप्रिलला नेपल्सजवळ तिसरे.

मग इंग्रजांनी जे केले ते शाळेत विज्ञान शिकविणाऱ्या गुरुजींनी मुलांना आवर्जून सांगावे. फार्नबरो येथे त्यांनी एक भलामोठा हौद बांधला, एक आख्खे कॉमेट त्यात बुडविले, आणि त्याच्या पोटात पाण्याचा दाब भरायचा, काढायचा, पुन्हा भरायचा, असे रात्रंदिवस चालविले. दर भरण-काढीला एक उड्डाण समजायचे. त्या विमानाची खरी उड्डाणे १,२२१ झालेली होती. हौदातली १,८३६ झाली, म्हणजे एकूण ३,०५७, तेव्हा त्याची कातडी फाटली. तार एका जागी पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसा धातूचा थकवा.

पण माझ्या विषयाच्या दृष्टीने खरी मेख पुढेच आहे. कारखानदारांनी विमान विकण्यापूर्वी चाचणी केलेली नव्हती असे मुळीच नाही. पुढच्या भागाचा एक तुकडा त्यांनी सोळा हजारांहून अधिक वेळा दाबाखाली घातला होता, आणि तो टिकला होता. मग? त्या तुकड्यावर आधी दुप्पट दाबाची एक चाचणी झालेली होती. त्या ताणाने छिद्रांच्या कडांचा धातू बसला आणि थकव्याला उलट अधिक चिवट झाला. चाचणीचा तुकडा विकल्या जाणाऱ्या विमानांपेक्षा वेगळा होऊन बसला होता. दाखला खरा होता, मोजमापही खरे होते, पण ते दुसऱ्याच वस्तूचे होते. विहिरीखालचा तुकडा निवडून साऱ्या शिवाराची आणेवारी काढावी, तसे झाले.

ह्यानंतरच्या दशकात विमानविद्येत आकडा शिरला. त्याची कथा लंडनच्या धुक्यात आहे. हिवाळ्यात तिथे धावपट्टी दिसेनाशी होई. तेव्हा वैमानिकाऐवजी यंत्रानेच विमान उतरवावे अशी खटपट चालली. देखरेख करणाऱ्या मंडळापुढे पेच पडला: यंत्राला परवानगी द्यायची ती कोणत्या कसोटीवर? ते कधीच बिघडणार नाही असे तर म्हणता येईना. त्यांनी हिशेब असा मांडला की माणसाच्या हातून उतरताना प्राणघातक अपघात साधारण दहा लाखांत एक होतो. यंत्र माणसापेक्षा दहा पटींनी चांगले असले पाहिजे. म्हणजे एक कोटी वेळा उतरताना एकदा, ह्यापेक्षा वाईट नको. ह्या विचाराने घडलेली यंत्रणा घेऊन जून १९६५ मध्ये ट्रायडेंट विमान पॅरिसहून प्रवाशांसह आले आणि लंडनला आपोआप उतरले.

पुढे साऱ्या विमानालाच हा हिशेब लावला गेला. तोही सांगतो, कारण तो वर्गात फळ्यावर मांडता येतो. त्या काळी गंभीर अपघात उड्डाणाच्या दर दहा लाख तासांत साधारण एक होई. त्यांतले दहात एक अपघात यंत्रणेच्या बिघाडाने होत. म्हणजे एक कोटी तासांत एक. आता एका विमानात सर्वनाश करू शकतील असे बिघाड समजा शंभर प्रकारचे आहेत. तर प्रत्येक प्रकाराच्या वाट्याला काय आले? शंभर कोटी तासांत एक. आजही मोठ्या प्रवासी विमानांची यंत्रणा मंजूर होते ती ह्या कसोटीवर. शंभर कोटी तास म्हणजे सुमारे १ लक्ष १४ हजार वर्षे! इतकी वर्षे बसून कोणी घड्याळ लावून पाहिलेले नाही हे उघड आहे. सुट्या भागांच्या बिघाडांचे प्रमाण घ्यायचे आणि गुणाकार-बेरीज करीत वर चढायचे, असा तो हिशेब. आणि त्यातले ‘शंभर प्रकार’ कोणी मोजून काढले? कोणीच नाही. सोयीसाठी धरले. पन्नास पैशांसारखेच.

ह्या हिशेबातून एक गोष्ट मात्र सुटली होती. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे जंबो जेट सांताक्रूझहून दुबईला निघाले आणि काही क्षणांतच वांद्र्याच्या समुद्रात कोसळले. २१३ जण गेले. विमान किती कलले आहे हे दाखविणारे कप्तानासमोरचे उपकरण बिघडले होते. तसेच दुसरे उपकरण सहवैमानिकापुढे होते, आणि तिसरे मध्ये होते. एक बिघडले तरी बाकीची आहेत, हाच तर गुणाकाराचा आधार! पण बाहेर मिट्ट काळोख, खाली काळा समुद्र, हाताशी मोजके क्षण. तेवढ्यात तीन उपकरणांतले खोटे कोणते हे ओळखायचे होते ते माणसाने. यंत्रांचा गुणाकार बरोबर होता. मधे माणूस होता.

तेव्हा कसोटी यंत्राची लावा, नाही तर वैमानिकाची, ती पुरी पडत नाही. त्या दोघांवर देखरेख करणारे जे सरकारी खाते, त्याचीच कसोटी का लावू नये? हा विचार गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात पुढे आला. जानेवारी १९९० मध्ये परदेशी कंपनीचे एक विमान इंधन संपून न्यूयॉर्कजवळ पडले. त्यानंतर अमेरिकेने १९९२ पासून परक्या देशांची विमान खाती तपासण्यास आरंभ केला. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी आपल्या हरयाणात चरखी दादरीच्या शेतांवर आकाशात सौदी आणि कझाक विमानांची टक्कर झाली. ३४९ माणसे मृत्युमुखी पडली. आकाशातल्या टकरींत इतकी मोठी जीवितहानी दुसरी नाही. एकाला १४ हजार फुटांवर राहायचे होते, दुसऱ्याला १५ हजारांवर, आणि दुसरे खाली आले. दिल्लीच्या नियंत्रकांजवळ त्या वेळी जे रडार चालू होते त्यावर विमान कुठे आहे हे दिसे. किती उंचीवर आहे हे दिसत नसे. त्यानंतर येण्याचे आणि जाण्याचे मार्ग वेगळे झाले आणि विमानांत टक्कर-सूचक यंत्र सक्तीचे झाले. १९९९ पासून आंतरराष्ट्रीय संघटनाही सर्व सभासद राष्ट्रांच्या खात्यांची तपासणी करू लागली. शिकागोला राहिलेली फट बुजवायला पंचावन्न वर्षे लागली म्हणायची.

ह्या तपासणीत काय पाहतात? कायदा आहे का, नियम आहेत का, खात्याला माणसे पुरेशी आहेत का, ती शिकलेली आहेत का, परवाने नीट पारखून दिले जातात का, देखरेख होते का, आणि दोष सापडला तर तो दूर केला जातो का. शेकडो प्रश्न, आणि त्यांच्या उत्तरांची टक्केवारी. आपल्या देशाला २०१८ च्या तपासणीत ६९.९५ टक्के पडले, २०२२ मध्ये ८५.४९. त्याआधी ३१ जानेवारी २०१४ रोजी अमेरिकेने आपल्याला वरच्या वर्गातून खालच्या वर्गात उतरविले होते. त्यामुळे आपल्या कंपन्यांना अमेरिकेस नवी उड्डाणे सुरू करता येईनात. मुख्य कारणांपैकी एक अगदी साधे होते: तपासनीस पुरेसे नव्हते. विमाने वाढली, कंपन्या वाढल्या, आणि त्यांच्यावर नजर ठेवणारी माणसे मात्र अपुरी. त्या जानेवारीतच सरकारने ७५ पूर्णवेळ तपासनिसांची भरती मंजूर केली. एप्रिल २०१५ मध्ये वरचा वर्ग परत मिळाला.

शिक्षकांना ह्यातली मेख लगेच कळेल. शाळातपासणीला साहेब येतात तेव्हा दप्तर पूर्ण असते, फळा पुसलेला असतो, घटक-नियोजन भिंतीवर लावलेले असते. त्यावरून शाळा चालते आहे हे कळते. मुलांना वाचता येते का, हे कळेलच असे नाही. म्हणून २००६ च्या सुमारास नवी कल्पना आली: राष्ट्राने आपली स्वीकारार्ह पातळी स्वतः ठरवावी, आकड्यांत ठरवावी, आणि वर्षानुवर्षे मोजीत राहावे. नोव्हेंबर २०१३ पासून लागू झालेल्या शिकागो कराराच्या एकोणिसाव्या परिशिष्टात ती बंधनकारक झाली. आपल्याकडे राज्य सुरक्षा कार्यक्रम आला तो २०१० साली.

आता मोजायचे काय? अपघातच मोजावेत असे प्रथम वाटते. पण अपघात इतके थोडे असतात की त्यांच्या आकड्यावरून काही बोलणे कठीण. समजा, एखाद्या देशात वर्षाला दहा लाख उड्डाणे होतात आणि वर्षभरात एकही अपघात झाला नाही. मंत्रिमहोदय म्हणतील, आमचा दर शून्य. गणिताचे गुरुजी म्हणतील, थांबा. खरा धोका दहा लाखांत एक असला, तरी असे निरंक वर्ष शंभरात सदतीस वेळा येईल. दहा लाखांत तीन असला, तरीही शंभरात पाच वेळा येईलच. शून्य हा पुरावा फार पातळ असतो. कॉंकॉर्ड विमानाला १९७६ पासून प्रवासी सेवेत एकही प्राणघातक अपघात नव्हता. २५ जुलै २००० रोजी पॅरिसजवळ एक पडले. विमाने थोडी, उड्डाणे थोडी, म्हणून एका दुपारीत त्याचा दर शून्यावरून मोठ्या जेट विमानांत अतिशय वाईट ठरला. विमान तर आदल्या दिवशी होते तेच होते.

आंतरराष्ट्रीय संघटनेचे अलीकडचे आकडे घ्या. २०२३ साली नियमित सेवेत जगभरात प्राणघातक अपघात एकच नोंदला गेला, नेपाळात पोखरा येथे, ७२ मृत्यूंचा. २०२४ साली मृत्यू २९६. सर्व प्रकारच्या अपघातांचा दर दहा लाख उड्डाणांमागे १.८७ वरून २.५६ वर गेला. आणि १२ जून २०२५ रोजी अहमदाबादेत एअर इंडियाचे विमान उड्डाणानंतर लगेच कोसळले. आतले २४२ पैकी २४१ आणि जमिनीवरचे १९, असे २६० जीव गेले. ह्या वर-खाली होण्यात सुधारणा किती, बिघाड किती आणि योगायोग किती, हे नुसत्या मृतांच्या संख्येवरून कोणालाही सांगता यायचे नाही.

म्हणून मोजायचे ते अपघाताच्या आधीचे. ताप मोजतात तसे. त्यातले एकच उदाहरण घेऊ. विमान उतरायला येताना ठराविक उंचीवर ते ठराविक वेगात, ठराविक उतारावर, चाके काढून, स्थिर असले पाहिजे. नसेल, तर वैमानिकाने उतरू नये. पुन्हा वर उचलून फेरी मारून यावे. विमान असे अस्थिर असूनही उतरविले, असे दर दहा हजार उतरण्यांत किती वेळा घडते? विमानातली नोंदयंत्रे हे बिनचूक सांगतात. समजा, गेल्या वर्षी दरमहा सरासरी वीस वेळा घडले, आणि प्रमाण विचलन चार आले. आंतरराष्ट्रीय पुस्तिकेने सुचविलेली रीत अशी की ह्या सरासरीवर तीन रेघा ओढायच्या: चोवीस, अठ्ठावीस, बत्तीस. चालू वर्षात एकच महिना बत्तिसाच्या वर गेला, किंवा लागोपाठ दोन महिने अठ्ठाविसाच्या वर, किंवा लागोपाठ तीन महिने चोविसाच्या वर, की घंटा वाजली असे समजायचे. आणि वर्षाचे उद्दिष्ट म्हणून सरासरी, समजा, पाच टक्क्यांनी खाली आणायची: वीसची एकोणीस. मोठ्या नावाच्या स्वीकारार्ह पातळीचा व्यवहारात अर्थ एवढाच. ह्यात एक गोम आहे, ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. मुळात सरासरीच वाईट असेल तर रेघाही वाईट जागीच पडतात. गेल्या वर्षापेक्षा बरे, म्हणजे पुरेसे बरे नव्हे.

हे सारे कशासाठी, ते मंगळूरच्या हकीकतीवरून कळते. २२ मे २०१० रोजी सकाळी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान तेथे धावपट्टी ओलांडून दरीत गेले. १६६ पैकी १५८ जण मेले. चौकशी-न्यायालयाचे अध्यक्ष होते हवाई दलाचे माजी उपप्रमुख एअर मार्शल भूषण गोखले. त्यांच्या अहवालात अपशकुनी असे काही नाही. सगळे साधे आणि मोजता येण्याजोगे आहे. ध्वनिमुद्रणातल्या दोन तास पाच मिनिटांपैकी पहिला एक तास चाळीस मिनिटे कप्तान झोपेत होता. तळाचे रडार नादुरुस्त होते, म्हणून विमानाला खाली येण्याची परवानगी नेहमीपेक्षा उशिरा, तळाच्या जवळ आल्यावर मिळाली. विमान फार उंच आणि फार वेगात आले. म्हणजे वर सांगितले तसे अस्थिर. ८,०३३ फुटांच्या धावपट्टीवर ते टेकले तेच सुमारे ५,२०० फूट आत. सहवैमानिकाने पुन्हा वर उचला असे पुन्हा पुन्हा सांगितले. त्याने स्वतः मात्र नियंत्रण हाती घेतले नाही, आणि ते घेण्याचा त्याला अधिकार कधी आहे ह्याबद्दलच्या सूचना संदिग्ध होत्या, असे अहवाल म्हणतो. कागदावर नियम होता. त्या धाकट्या माणसाला तो वापरता येईल असा मात्र लिहिलेला नव्हता.

२०१२ साली अपघातांच्या तपासासाठी वेगळी संस्था निघाली. तोवर देखरेख करणारे खातेच अपघातांचा तपासही पाही, म्हणजे स्वतःच्या चुका स्वतःच शोधी. विमान खात्याला कायद्याने स्वतंत्र दर्जा मिळायला २०२० उजाडले. १९३४ चा मूळ कायदा जाऊन नवा भारतीय वायुयान कायदा लागू झाला तो १ जानेवारी २०२५ रोजी. म्हणजे पस मॉथच्या जमान्यातला कायदा जेट विमानांवर नव्वद वर्षे चालला.

शेवटी जमिनीकडे येतो, कारण तुमच्यापैकी बहुतेकांना जमिनीचा व्यवहार कळतो. धावपट्टी संपल्यावर पुढे मोकळी, सपाट जागा ठेवावी असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. विमान पुढे घसरलेच तर ते तिथे थांबावे. ती कमीत कमी ९० मीटर पाहिजेच, आणि शक्य तिथे २४० मीटर असावी. ९० हा नियम. २४० ही शिफारस. मंगळूरला ९० होती. ती संपल्यावर उपकरणांचा काँक्रीटचा पक्का चौथरा होता; त्याला उजवा पंख धडकला, आणि त्यापुढे दरी होती. दहा वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२० च्या पावसात, कोझिकोडेच्या तशाच डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीवरून आणखी एक विमान खाली गेले आणि २१ जण दगावले. ९० आणि २४० मधले दीडशे मीटर म्हणजे डोंगराच्या टोकाशी भराव घालणे, किंवा धावपट्टी तेवढी आखूड मोजणे, किंवा कडेच्या वाडीवस्तीची जमीन घेणे. भरावाला खर्च आहे, धावपट्टी आखूड केली तर मोठी विमाने येत नाहीत, आणि जमीन घ्यायची तर ती कोणाच्या तरी नारळीपोफळीची असते, ज्याने विमानात कधी पाऊलही ठेवलेले नसते. पातळी स्वीकारार्ह आहे असा शेरा फाइलीवर पडतो तो मुंबईत किंवा दिल्लीत. दुबईहून सुट्टीवर येणाऱ्या मजुराला आणि त्या वाडीवाल्याला तो स्वीकारता का असे विचारण्याची रीत अजून कोणत्याच परिशिष्टात लिहिलेली नाही.